सुटली म्हणा

बाटली सासूबाईंना सापडली. तांदळाच्या पिंपामागून त्यांनी ती काढली, नाकाशी नेली आणि मागच्या दारी जाऊन माडाच्या आळ्यात उपडी केली. रिकामी बाटली राखेनं घासून उन्हात पालथी घातली. खोबरेल ठेवायला चांगली होती. मग आत आल्या. पाळण्यात रडून रडून लाल झालेल्या हरूला उचलून त्यांनी माझ्या मांडीवर दिलं, माझा उजवा हात धरला आणि त्याच्या गळ्यावर ठेवला.

"म्हण. हरूच्या गळ्याची शपथ, परत तोंडाला लावणार नाही."

मी म्हटलं. हाताखाली त्याचा गळा घामानं ओला होता आणि हुंदक्यासरशी हलत होता.

"लावलीस तर हरू तळ्याला जाईल. काशी सांभाळील त्याला. तिच्या घरात चार आहेत, पाचवा जड नाही व्हायचा. दिनूला काय सांगायचं ते मी सांगेन."

काशीवन्सं म्हणजे माझी नणंद. तळे गावी त्यांचं मोठं खटलं होतं, दुभती जनावरं होती. धमकी खोटी नव्हती. सासूबाई खोटं बोलत नसत. मी मान हलवली. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. पदराला शेंबूड लागलाय, धुवायला हवा, एवढंच मनात आलं.

हे सुरू कसं झालं ते नीट सांगता येत नाही, कारण सुरुवातीला ते औषधच होतं. हरू झाला आणि जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव सुरू झालं. सासूबाई स्वतः चमचा भरून तोंडाशी धरायच्या. बाळंतिणीला झोप लागते, दूध उतरतं. मला झोप हवीच होती. हरू निजला की मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसायची. वारा लागतोय की नाही. लागला की बोट काढायची, आणि काढलं की परत धरावंसं वाटायचं. कॉलेजात असताना परीक्षेच्या दिवसांत मी वसतिगृहातल्या खोलीची कडी पुन्हा पुन्हा तपासायची, मैत्रिणी हसायच्या. आता कडीच्या जागी मूल आलं, आणि हसायला कोणी नव्हतं.

आसव घेतलं की बोट आपोआप खाली यायचं. आनंद वगैरे काही नाही, नुसतं थांबायचं. चमच्याची वाटी झाली. हे, म्हणजे सासूबाईंचा दिनू, दिघीला बंदरावर लाँचच्या कचेरीत कारकून, कामासाठी मुरुडला गेले की बाटली घेऊन यायचे. शेवटी तिथल्या दुकानदारानं विचारलं, "काय हो, घरात बाळंतिणी किती आहेत?" यांनी ते घरी येऊन हसत सांगितलं. सासूबाईही हसल्या. त्यानंतर आसव बंद झालं, कारण आता मी बाळंतीण राहिले नव्हते.

मग ठमी. ठमी आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी कोळीण, माझ्याच वयाची, पण तिचे तीन झालेले. दारूबंदीचे दिवस होते, आणि दारूबंदीत कुठे काय मिळतं ते किनाऱ्यावर पोरासोरांना ठाऊक होतं. वर मांदेली, खाली केळीचं पान, पानाखाली बाटली. पोलीस पाटीत हात घालत नसत, वास दिवसभर जात नाही म्हणून. ठमी तिला दवा म्हणायची. मीही दवाच म्हणायची. दुसरा शब्द आम्ही दोघींनी कधी उच्चारला नाही.

आणि त्या दिवशी हरू पाळण्यात रडत होता आणि मी शेजारी भिंतीला टेकून ऐकत होते. रडतोय हे कळत होतं. उठायचं असतं हे कळत नव्हतं. सासूबाई देवळातून आल्या त्या थेट पिंपाकडे गेल्या. म्हणजे त्यांना आधीपासून माहीत असावं.

शपथेनंतर ठमी आली तेव्हा सासूबाई विहिरीवर होत्या. मी पाटीकडे बघितलं. ठमीनं वरची मासळी बाजूला केली, पान उचललं, आणि खाली नुसता पाटीचा तळ दाखवला.

"न्हाय आनलं. आता आनणार बी न्हाय."

"का?"

"सोडली मी. मी पन घ्यायची ना, तुला काय वाटलं, पाटीतून तुझ्याकडंच यायची सगळी?" ती हसली. पुढचा एक दात नव्हता तिचा. "दुपारची वलांडीवर ये. नीराबाईकडं. आमी बसतो तितं सगल्या."

"कसल्या सगळ्या?"

"तुज्यासारक्या."

मला राग आला. म्हणजे यायला हवा होता असं वाटलं. मी दोन वाटे बोंबील घेतले आणि दार लावलं.

शपथ मी मोडली ती शेजारच्या घरी, बारशाच्या दिवशी. शेजारची रंगू बाळंतपणाला माहेरी आली होती. बायका ओटीवर पाळण्याभोवती जमल्या होत्या, कोणीतरी 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सुरू केलं होतं. मी कुंची ठेवायला बाळंतिणीच्या खोलीत गेले. शेगडीचा धूर, ओव्याचा वास. कोनाड्यात बाटली. तीच चिठ्ठी, तीच द्राक्षं काढलेली. मी बूच काढलं आणि उभ्या उभ्या प्यायले. औषधच ते, असं म्हटलं का मी मनात? म्हटलं असेन. बाहेर येऊन पाळण्याची दोरी धरली, पाळण्याचं गाणं म्हटलं. सासूबाई शेजारीच होत्या. माझा आवाज चांगला लागला असं रंगूची आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हरूला ताप भरला.

नंतर घडलं म्हणून त्यामुळे घडलं असं होत नाही. इंटरला लॉजिकच्या बाईंनी हे फळ्यावर लिहून दाखवलं होतं, आणि त्या पेपरात मला चांगले मार्क होते. होडीनं आगरदांड्याला उतरून टांग्यानं मुरुडला डॉक्टरांकडे जाईपर्यंत मी ते वाक्य मनात म्हणत होते. हरू माझ्या खांद्यावर होता, त्याचा गळा माझ्या मानेला लागत होता आणि तो तव्यासारखा तापला होता. डॉक्टरांनी तोंडात बोट घालून हिरड्या दाखवल्या. दात येताहेत. मिक्श्चर दिलं. घरी आल्यावर सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा खकाणा उठला नाही. "बघ," त्या म्हणाल्या, "चांगलीच लागली होती. कुणाची ती देव जाणे."

मी चुलीतल्या मिरच्या बघत होते.

ताप उतरला. दोन दात आले, तांदळाच्या कणीएवढे. पण मला कळलं होतं की आता हे संपणार नाही. शपथेला मुदत नसते. उद्या तो चालायला लागेल आणि पडेल, त्याला खोकला होईल, गोवर येईल, पाच वर्षांचा होऊन खाडीवर पोहायला जाईल, आणि दर वेळी मी मोजीन की हे त्या बारशाचं आहे का. माझं बोट पुन्हा त्याच्या नाकाखाली राहायला लागलं. आणि बोट खाली येण्याचा मला एकच उपाय माहीत होता. हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं, भूमितीतल्या आकृतीसारखं, आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मासळी आणते असं सांगून मी दुपारी निघाले. सासूबाई हरूजवळ बसल्या. "कोळवाड्यात? पाटी दारावर येते की."

"ताजी मिळते," मी म्हटलं.

वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांच्यामध्ये दोऱ्या ताणलेल्या. त्यावर बोंबील वाळत घालतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, जोडीजोडीनं. खाडीच्या तोंडाशी अशा ओळीच्या ओळी होत्या. सगळीकडे कावळे. एका ओळीच्या सावलीला पाचसहा बायका बसल्या होत्या, मधे ओल्या बोंबलांचा ढीग. ठमीनं मला पाहून फक्त सरकून जागा केली.

"ही व्हय चष्मेवाली?" एक म्हातारी म्हणाली. तिचं नाव केसर. "बाय, लुगडं वर घे. वास लागला तर तुजी सासू विहिरीत टाकील तुला."

"लुगड्याला टाकील," ठमी म्हणाली. "हिला ठेवंल. पोराला कोन पाजणार?"

सगळ्या हसल्या. मीही हसले असेन. नीराबाई हसली नाही. ती जाड, काळीसावळी, कपाळाला आडवी चीर असलेली बाई होती. तिनं माझ्या पुढ्यात बोंबील सरकवले.

"हात रिकामा ठेवायचा न्हाय. शिकव गो हिला, ठमे."

ठमीनं दाखवलं. माझ्या हातात जोडी जमेना, जबडे सुटून पडायचे. त्या बोलत होत्या ते मी ऐकत होते. हाच तो कार्यक्रम होता. पूजा नव्हती, भाषण नव्हतं. गावात कधीमधी दारूबंदीवाले यायचे, गाणी म्हणायचे, फोटो लावायचे. तसलं काही नाही. ज्या बाईला प्यायची तल्लफ येईल तिनं यायचं, ऊन उतरेपर्यंत बसायचं, मध्येच घरी जायचं नाही. एवढंच.

"काल कुटं व्हतीस?" नीराबाईनं एकीला विचारलं.

"लग्नाला. हळद व्हती."

"आनि?"

"आनि काय, हळदीला काय पानी वाटतात? गिलास हातात दिला. मी म्हटलं पोटात दुकतंय."

"मग?"

"मग म्हाताऱ्यानं सांगितलं, पोटात दुकतंय तर घेच." केसर खो खो हसली. ती बाईही हसली, मग तिचं हसू गेलं. "घेतली एक. दुसरी न्हाय घेतली. आज सकालधरून हितंच हाय मी."

"बरं केलंस आलीस ती," नीराबाई म्हणाली आणि पुढच्या जोडीकडे वळली.

ठमीनं मला सांगितलं होतं की पूर्वी भट्टी नीराबाईचीच होती. ठमीच्या पाटीतली बाटलीही त्या काळी तिथलीच. नवऱ्याला तीच वाढायची, स्वतःही घ्यायची. नवरा होडीवरून पाण्यात गेला तेव्हा समुद्र शांत होता. त्यानंतर तिनं भट्टी मोडली, आणि मोडल्यावरही वर्षभर दुसऱ्यांची पीत राहिली. हे ती कुणापासून लपवत नसे. मोठेपणाही मिरवत नसे.

"तू बोल," ती मला म्हणाली. "न्हायतर नको बोलू. बोंबील लाव."

मी बोंबलांकडे बघत सांगितलं. आसव, दवा, पाळणा, शपथ, बारसं, ताप. माझा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता, रेडिओवर बाजारभाव सांगतात तसा. शपथेपाशी आले तेव्हा केसरचे हात थांबले.

"पोराच्या गळ्याची?"

"हो."

"आनि मोडलीस?"

"हो."

केसरनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "एकवीरे आई. नारळ दे गो. आदी नारळ दे."

"नारळानं काय व्हतंय, कोंबडा लागंल," दुसरी म्हणाली.

"गप ऱ्हावा," नीराबाई म्हणाली. "मी हितं कुनाला शपथ घालू देत न्हाय ती याच्यासाटी. माजी भन, देवीसमोर हात ठेवला तिनं. मोडली. मग देवलात जाईना, का तर देवी बगती. घरी येईना, का तर मी बगतंय. ऱ्हायली बाटली. ती काय बगत न्हाय."

"ते बरोबर गो," केसर म्हणाली, "पन मोडली ती मोडली. पोराच्या गळ्याशी हाय ना ती अजून. तू बोलून काय उतरतेय?"

नीराबाईनं पुढची जोडी दोरीवर टाकली. एक कावळा दोरीवर उतरला, ठमीनं खडा मारला.

तेव्हा मला लहानपणचं आठवलं. आम्ही मुली खेळताना एकमेकींना शपथ घालायचो, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे, सांगू नकोस. मग ते जड व्हायचं. रात्री झोप यायची नाही. सकाळी जिची शपथ तिच्याकडे जायचं आणि म्हणायचं, सुटली म्हण. ती म्हणाली 'सुटली' की सुटायची. कधी कधी ती मुद्दाम म्हणायची नाही, पेरू द्यावा लागायचा.

"तुम्ही म्हणा ना," मी केसरला म्हटलं. "सुटली म्हणा."

केसर माझ्याकडे बघत राहिली. थट्टा करते आहे का बघत असावी.

"मी घातली व्हय? जिनं घातली तिनं म्हनाया हवं. तुमच्यात येगळं असतं काय?"

आमच्यातही वेगळं नव्हतं.

"त्यांना सांगितलं तर मूल जाईल," मी म्हटलं.

"जाईल," नीराबाई म्हणाली.

ती बोंबील लावत राहिली. ऊन उतरलं, बायका उठल्या. ठमीनं मला मूठभर ओली करंदी पानात बांधून दिली. "सासूला काय दाखवशील, रिकामे हात?"

घरी आले तर सासूबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. हरू त्यांच्या पायाशी सूप ओढत होता. मला पाहून त्यानं दोन्ही हात वर केले. मी त्याला घेतलं नाही. माझ्या हातांना बोंबलांचा वास होता, पण ते कारण नव्हतं. घेतलं असतं तर बोलता आलं नसतं.

"एवढा वेळ?" सासूबाई म्हणाल्या. "करंदी आणायला? की पकडायला गेली होतीस?"

"आई, मी शपथ मोडली."

त्यांचं बोट तांदळात थांबलं.

"कधी?"

"बारशाला. रंगूच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी ताप आला."

त्यांनी हरूकडे बघितलं. मग सुपाकडे. एक खडा काढून अंगणात टाकला.

"आज कुठे होतीस?"

"कोळणींत. नीराबाईकडे. सोडलेल्या बायका बसतात तिथे."

"आमच्या घरातली सून नीराबाईकडे." त्या हे मोठ्यानं म्हणाल्या नाहीत. "आणि हे सांगतेस का मला? कळलं नव्हतं मला. अगदी शपथेवर सांगते, नव्हतं कळलं."

"तुम्ही सुटली म्हणा."

"काय?"

"तुम्ही घातलीत. तुम्हीच म्हणायला हवं. सुटली म्हणा."

"म्हणजे तुला रान मोकळं."

"नाही हो. ती आहे तोवर मला त्याच्याकडे बघवत नाही. तो शिंकला तरी वाटतं मीच केलं. आणि तशी भीती वाटली की परत बाटलीच हवीशी वाटते." माझा आवाज तसाच होता, बाजारभावाचा. "मग त्याला तळ्याला न्या. पण हे काढा त्याच्या गळ्यावरून."

हरूनं सूप उलटं केलं, निवडलेले तांदूळ ओटीभर झाले. एरवी त्या ओरडल्या असत्या.

"दोन चमचे मीच घालत होते की तोंडात," त्या म्हणाल्या. मला नाही, तांदळाला म्हणाल्या असं वाटलं. मग त्यांनी हरूला जवळ ओढलं, दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली. गुदगुल्या होऊन तो खिदळला.

"सुटली," त्या म्हणाल्या.

आणि तांदूळ गोळा करता करता, वर न बघता, "काशीला निरोप धाडते. शपथ सुटली, बोललेलं सुटलं नाही. होळीपर्यंत राहू दे तिकडे. मग बघू तुझं काय ते."

"हो," मी म्हटलं.

यांना त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. रात्री जेवताना यांनी माझ्याकडे दोनदा बघितलं. मग म्हणाले, "आई म्हणते तसं."

काशीवन्सं भरतीच्या वेळेला आल्या. खाडीनं मांदाडपर्यंत होडी, पुढे बैलगाडी. मी हरूची दुपटी, झबली, मिक्श्चरची उरलेली बाटली गाठोड्यात बांधली. वन्सं मनानं वाईट नाहीत. "माझ्याकडे पोरांच्या गर्दीत त्याला तुझी आठवणही यायची नाही बघ," त्या मला धीर द्यायला म्हणाल्या. धक्क्यावर होडी हलली तेव्हा तो रडला नाही. वल्ह्याकडे बघत होता, त्याला वल्हं हवं होतं. मी उभी राहिले. त्याला होडीत काही झालं तर, हा विचार येतो का याची मी वाट बघत होते. आला. पण त्याच्या मागोमाग बारसं आलं नाही. नुसतीच भीती होती, कुठल्याही आईची असते तशी. त्याहून जास्त काही वाटलं नाही. जास्त काही वाटायला हवं होतं का, तेही कळलं नाही.

घरी न जाता मी धक्क्यावरून तशीच वलांडीकडे गेले. ठमी सरकली. मी बोंबील घेतले. जोडी आता पटकन जमत होती. ऊन कलायला लागलं तशी माझी चोळी ओली झाली. त्याची पाजायची वेळ होती. मी हात तसेच धरून बसले.

केसरनं बघितलं. "काय बसलीयस? दुकंल. गाठी व्हतील. जा तिकडं, होडीच्या आड. पिळून ये."

"मध्येच उठायचं नाही ना?"

"घरी जायाचं न्हाय म्हंटलं. होडीआड कोन नको म्हंटलं? जा."

वाळूवर एक होडी आडवी करून ठेवली होती. तिच्या आड बसून मी दूध वाळूत पिळलं. वाळू ते लगेच पिऊन टाकत होती, डागही राहत नव्हता. बराच वेळ लागला. पलीकडून बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी परत त्या हळदीच्या म्हाताऱ्याची नक्कल करत होतं. मी चोळीची गाठ मारली, तोंडावरून पदर फिरवला आणि परत जाऊन बसले. नीराबाईनं ढीग माझ्याकडे सरकवला.

"होळी कवा हाय गो?" ठमीनं विचारलं.

"लांब आहे," मी म्हटलं.